मूत्रपरीक्षेची साक्ष कितपत ग्राह्य?

मद्यपान केलेला माणूस ओळखण्याचे काम पूर्वी पोलिसाचे नाक आणि डॉक्टरांचे डोळे करीत असत. तोंडाला येणारा वास, झोकांड्या खाणारी चाल, अडखळणारी वाणी आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्या पुराव्यावर माणूस दोषी ठरे अथवा सुटे. त्यानंतर विज्ञान न्यायाच्या मदतीला आले. रक्ताची तपासणी आली, श्वासाचे यंत्र आले आणि अलीकडच्या दोन-तीन दशकांत मूत्राची एक अशी परीक्षा आली, जी आज माणूस नशेत आहे की नाही हे सांगत नाही, परंतु त्याने काल किंवा परवा मद्य घेतले होते किंवा काय, याविषयी साक्ष देते. ही परीक्षा अमेरिका व युरोपात व्यसनमुक्तीच्या उपचारांत, न्यायालयांत आणि नोकरीच्या ठिकाणी रूढ झाली आहे. तिची साधने दिवसेंदिवस स्वस्त होत आहेत. जे साधन स्वस्त होते त्याचा वापर वाढतो, हा बाजाराचा साधा नियम आहे. आपल्याकडील कचेऱ्या, कारखाने, रुग्णालये आणि वाहतूक संस्था यांच्या व्यवस्थापनांना या साधनाचा मोह पडण्यापूर्वीच त्याचे मोल आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार झालेला बरा.

मूत्र नेमके काय सांगते?

पोटात गेलेला मद्यार्क रक्तात मिसळतो आणि त्याचा फार मोठा भाग यकृतात जळून जातो. सर्वसाधारण माणसाच्या शरीरात दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे सुमारे १५ मिलिग्रॅम या गतीने मद्यार्क कमी होत जातो. थोडा अंश श्वास, घाम व मूत्र यांतून जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून मूत्रात प्रत्यक्ष मद्यार्क सापडण्याची मुदत काही तासांचीच असते. रात्री जेवणापूर्वी घेतलेल्या पेल्याचा मागमूस दुसऱ्या दिवशी दुपारी सहसा लागत नाही.

परंतु घेतलेल्या मद्यार्काचा अगदी क्षुल्लक भाग, हजारात एका भागाहूनही कमी, यकृतात ग्लुक्युरोनिक आम्लाशी संयोग पावतो आणि इथाइल ग्लुक्युरोनाइड नावाचे द्रव्य तयार होते. प्रयोगशाळांत त्याला संक्षेपाने ‘ईटीजी’ म्हणतात. हे द्रव्य शरीरातून सावकाश बाहेर पडते. एक-दोन पेले घेतले असतील तर साधारण एक-दोन दिवस आणि अतिरेकी मद्यपान झाले असेल तर तीन दिवसांहूनही थोडे अधिक काळ ते मूत्रात सापडू शकते. या द्रव्याची माहिती शास्त्रज्ञांना १९५०च्या दशकापासून होती. मात्र अलीकडील मद्यपानाची खूण म्हणून त्याचा पद्धतशीर उपयोग १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला आणि २००० नंतर अमेरिकेतील डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते अशा परवानाधारकांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणांनी ती परीक्षा उचलून धरली.

या परीक्षेची सूक्ष्मता थक्क करणारी आहे. तिचे मोजमाप नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशात होते. एक मिलिलिटर मूत्रात १०० नॅनोग्रॅम सापडले तर काही प्रयोगशाळा परीक्षा ‘होकारार्थी’ ठरवितात. काही ही मर्यादा ५०० वर ठेवतात, तर काही १,००० वर. इथेच पहिला प्रश्न उभा राहतो. एकाच माणसाचे एकच मूत्र एका प्रयोगशाळेत मद्यप्याचे आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत निर्व्यसनी माणसाचे ठरू शकते. सीमारेषा निसर्गाने आखलेली नाही, ती माणसांनी आखलेली आहे. आणि ती कोठे आखावी हा निव्वळ रसायनशास्त्राचा प्रश्न उरत नाही. चुकीची किंमत कोणी सोसावयाची, हा अर्थकारणाचा आणि न्यायाचा प्रश्न त्यात गुंतलेला असतो.

औषधातील मद्यार्क आणि मद्यातील मद्यार्क

मद्यार्क केवळ मद्याच्या दुकानात मिळत नाही. तो खोकल्याच्या औषधात असतो, गुळण्या करण्याच्या द्रावणात असतो, अत्तरात असतो आणि २०२०च्या महामारीनंतर तो घरोघरी, कचेऱ्यांच्या दारात व शाळांच्या पायऱ्यांवर हात स्वच्छ करण्याच्या बाटल्यांतही येऊन बसला. त्या वर्षी महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांनीही हे जंतुनाशक तयार केले, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. रुग्णालयातील परिचारिका दिवसभरात अनेक वेळा या द्रावणाने हात धुते, त्याची वाफ श्वासावाटे आत जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ११ स्वयंसेवकांनी लागोपाठ तीन दिवस, रोज १० तास, दर ५ मिनिटांनी मद्यार्कयुक्त द्रावणाने हात धुतले. मद्याचा थेंबही न घेता त्यांच्यापैकी काहींच्या मूत्रातील ईटीजीचे प्रमाण १०० आणि ५०० या मर्यादा ओलांडून गेले. सर्वाधिक आकडा सुमारे २,००० नॅनोग्रॅमचा होता. हा प्रयोग मुद्दाम टोकाचा केलेला होता, सर्वसामान्य वापरात एवढे प्रमाण सहसा गाठले जात नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्या परिचारिकेची नोकरी या आकड्यावर अवलंबून आहे तिला ‘सहसा’ या शब्दाने कितीसा धीर मिळणार?

आपल्याकडील परिस्थितीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. द्राक्षासव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट ही औषधे मराठी घरांना नवी नाहीत. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देणारी आजी आणि भूक लागावी म्हणून द्राक्षासव घेणारे निवृत्त गुरुजी यांना कोणी मद्यपी म्हणणार नाही. परंतु आसव आणि अरिष्ट यांची कृतीच अशी आहे की गूळ किंवा साखर व धायटीची फुले यांच्या योगाने काढा आंबतो आणि त्यात आपोआप मद्यार्क निर्माण होतो. तसे बाटलीवरील चिठ्ठीवर छापलेलेही असते. त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १० धरले तर २० मिलिलिटरच्या एका मात्रेतून सुमारे एक ते दीड ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. आता केवळ एक ग्रॅम मद्यार्क घेतल्यावरही मूत्रात ईटीजीचे प्रमाण १०० नॅनोग्रॅमच्या वर गेल्याचे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे १०० ची मर्यादा धरणाऱ्या प्रयोगशाळेच्या दृष्टीने दोन वेळा अरिष्ट घेणारी शिक्षिका आणि आदल्या रात्री गुत्त्यावर जाऊन आलेला इसम यांच्यात फरक करणे कठीण होऊन बसते. ज्यांचा औषधोपचार वैद्याच्या सल्ल्याने, घरच्या घरी आणि चिठ्ठीशिवाय होतो, अशा समाजात हा धोका पाश्चात्त्य देशांहून मोठा आहे.

याखेरीज शरीर आणि मूत्राची बाटली यांच्यातही उलथापालथ होऊ शकते. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असेल तर काही जंतू ईटीजीचे विघटन करतात आणि खरोखरीच मद्य प्यालेला माणूस निर्दोष ठरतो. उलट मधुमेही व्यक्तीच्या मूत्रात साखर असते; त्यात जंतू किंवा किण्व वाढले आणि नमुना थंड जागी न ठेवता तसाच राहिला तर बाटलीतच मद्यार्क तयार होतो आणि त्यापासून ईटीजीही बनू शकते. प्राथमिक तपासणीच्या स्वस्त पट्ट्या तर काही वेळा प्रोपॅनॉल या निराळ्याच द्रव्यापासून बनलेल्या पदार्थालाही ईटीजी समजून बसतात. या दोषांवर उपाय नाहीत असे नाही. इथाइल सल्फेट या जोडीदार द्रव्याची बरोबरीने तपासणी केली, नमुना शीतकपाटात ठेवला आणि प्राथमिक निष्कर्षाची खातरजमा अधिक अचूक यंत्रावर करून घेतली, तर चुका पुष्कळच कमी होतात. परंतु पट्टी स्वस्त असते आणि खातरजमा महाग असते. व्यवहारात काटकसर नेमकी कोठे होईल, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

अंकगणिताचा इशारा

या परीक्षेच्या बाजूने बोलणारे नेहमी तिच्या अचूकतेची टक्केवारी पुढे करतात. टक्केवारी ऐकली की सुशिक्षित माणसाचाही विवेक थोडा सैल होतो. म्हणून एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एखाद्या संस्थेत एक हजार कर्मचारी आहेत आणि त्यांपैकी २० जणांनी गेल्या दोन दिवसांत मद्य घेतले आहे. परीक्षा अशी आहे की ती खऱ्या मद्यप्यांपैकी शेकडा ९० जणांना पकडते आणि निर्दोष माणसांपैकी शेकडा ९५ जणांना निर्दोष ठरविते. अशी परीक्षा ऐकावयास उत्तमच वाटते. आता ती सर्वांना लावली तर २० पैकी १८ जण सापडतील. परंतु उरलेल्या ९८० निर्दोष कर्मचाऱ्यांपैकी शेकडा ५ म्हणजे ४९ जणही सापडतील. एकूण ६७ जणांवर ठपका येईल आणि त्यांतील ४९ जण, म्हणजे जवळजवळ तीनचतुर्थांश लोक, निरपराध असतील.

हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. परंतु त्यामागील नियम काल्पनिक नाही. ज्या गटात दोषी थोडे असतात तेथे सरसकट घेतलेली कोणतीही परीक्षा निरपराधांची गर्दी जमवते. उलट ज्याच्याविषयी सबळ संशय आहे, ज्याच्या हातून अपघात घडला आहे किंवा जो स्वतः उपचारासाठी आला आहे, अशा थोड्या माणसांनाच ती लावली तर तिची साक्ष पुष्कळ अधिक विश्वसनीय ठरते. दोन्ही ठिकाणी परीक्षा तीच, पट्टी तीच; केवळ ती कोणाला लावली यावरून तिच्या निष्कर्षाचा अर्थ बदलतो. व्यवस्थापनाच्या टेबलावर येणाऱ्या अहवालात मात्र हा फरक लिहिलेला नसतो. तेथे फक्त ‘होकारार्थी’ हा एकच शब्द असतो.

आणि चुकीचा खर्च दोन्ही पक्षांवर सारखा पडत नाही. निर्दोष कर्मचारी निलंबित झाला तर संस्थेचे काय बिघडते? बदली माणूस मिळतो, विशेषतः जेथे कंत्राटी कामगारांची रीघ दाराशी उभी असते तेथे तर दुसऱ्याच दिवशी मिळतो. त्या कर्मचाऱ्याचे मात्र वेतन थांबते, मुलाच्या शुल्काचा हप्ता चुकतो, घराच्या कर्जाचा बोजा वाढतो आणि चाळीत, नातेवाइकांत ‘दारुडा’ ही जी पदवी मिळते ती पुढे निर्दोष सुटल्यावरही सहजासहजी पुसली जात नाही. ज्या व्यवहारात निर्णय घेणारा आणि चुकीची किंमत मोजणारा हे दोघे निराळे असतात, त्या व्यवहारात चुका वाढतात. हे अर्थशास्त्राने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

अमेरिकेचा अनुभव आणि ब्रिटनची सावधगिरी

ज्या देशात या परीक्षेचा प्रसार झाला त्याच देशाने तिच्याविषयी प्रथम धोक्याची घंटाही वाजविली. मद्य घेतले नसताना या परीक्षेमुळे व्यवसायाचा परवाना धोक्यात आल्याच्या तक्रारी डॉक्टर आणि परिचारिका यांनी केल्या, वृत्तपत्रांतून त्यांचा गाजावाजा झाला आणि प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. २००६ मध्ये अमेरिकी सरकारच्या व्यसन व मानसिक आरोग्य सेवाविषयक यंत्रणेने निःसंदिग्ध शब्दांत बजावले की, केवळ ईटीजीच्या होकारार्थी निष्कर्षावर कायदेशीर किंवा शिस्तभंगाची कारवाई करणे अनुचित असून तिला शास्त्रीय आधार नाही. २०१२ मध्ये याच यंत्रणेने आपला सल्ला सुधारून घेतला, तेव्हाही १०० ते ५०० नॅनोग्रॅमच्या दरम्यानचा आकडा निव्वळ बाह्य संपर्कानेही येऊ शकतो, असे तिने सांगितले. त्याच देशातील वाहतूक खाते चालकांच्या मूत्राची तपासणी अमली पदार्थांसाठी करते. मद्याच्या बाबतीत मात्र अंतिम निर्णय श्वासाच्या परीक्षेवर सोपविते. कारण स्पष्ट आहे. चालक आता, या क्षणी, गाडी हाकण्यास योग्य आहे की नाही, हा त्या खात्यापुढील प्रश्न असतो. परवाच्या समारंभात त्याने काय घेतले, याच्याशी प्रवाशाच्या सुरक्षिततेचा संबंध नसतो.

ब्रिटनने १९६७च्या रस्ता सुरक्षा कायद्यान्वये मद्यपी चालकांसाठी १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आणि तिच्याच जोडीला मूत्रासाठी १०७ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविली. परंतु तसे करतानाही त्या कायद्याने एक मार्मिक अट घातली. एका तासाच्या आत दोन नमुने घ्यावयाचे आणि पहिला सोडून देऊन दुसराच ग्राह्य धरावयाचा. मूत्राशयात आधीपासून साठलेले मूत्र हे मागील कित्येक तासांचा हिशेब असते, चालू घडीचा नव्हे, हे त्या कायदेकर्त्यांना ठाऊक होते. आणि तेथेही मोजला जात होता तो प्रत्यक्ष मद्यार्क. ईटीजीच्या परीक्षेत तर हा काळाचा हिशेब तासांवरून दिवसांवर गेलेला आहे. मग सावधगिरीही त्याच प्रमाणात वाढावयास नको काय?

मुंबईच्या कायद्याचा धडा

महाराष्ट्राला हा प्रश्न मुळीच नवा नाही. औषधातील मद्यार्क आणि मद्यातील मद्यार्क यांच्यातील भेद कसा करावा आणि तो सिद्ध करण्याचा भार कोणाच्या शिरावर टाकावा, याची चर्चा मुंबईच्या दारूबंदी कायद्याच्या निमित्ताने सात दशकांपूर्वीच झाली आहे. १९४९चा तो कायदा झाल्यावर १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील बहुतेक तरतुदी उचलून धरल्या. परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांचा वापर आणि सेवन यांवरील बंदी तेवढी अवैध ठरविली. त्याच वर्षी मुंबईत जीप चालविताना अपघात केल्याच्या आणि मद्य प्याल्याच्या आरोपावरून पेसिकाका यांच्यावर खटला झाला. आपण मद्यार्कयुक्त शक्तिवर्धक औषध घेतले होते, असा त्यांचा बचाव होता. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये रद्द केली. आरोपीने मद्यार्क घेतला एवढे दाखवून भागणार नाही, तो बंदी असलेल्या मद्यातला होता हे सिद्ध करण्याचा भार अभियोगपक्षावर आहे, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले.

यानंतर १९५९ मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण शेकडा ०.०५ किंवा त्याहून अधिक असल्याचे सिद्ध झाले, तरच तो औषधातून आला हे दाखविण्याचा भार आरोपीवर टाकण्यात आला. याचा अर्थ असा की, भार उलटविण्यापूर्वी कायद्याने एक निश्चित आणि औषधाच्या मात्रेने सहसा न गाठता येणारी पातळी ठरविली, नमुना कोणी घ्यावा, कसा घ्यावा, त्याची तपासणी कोणी करावी याचे नियम केले आणि मगच आरोपीकडे उत्तर मागितले. पुढे १९७१ मध्ये बचुभाई कर्याणी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तोंडाला वास येणे, चाल अस्थिर असणे, बोलणे असंबद्ध असणे व बाहुल्या विस्फारलेल्या असणे, एवढ्यावरून मद्यपानाचा निष्कर्ष काढता येत नाही. त्या प्रकरणात आरोपीच्या मूत्राची तपासणी झालेली नव्हती आणि रक्त तपासणीस पाठवूनही तिचा अहवाल न्यायालयापुढे आलेला नव्हता.

या निकालाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की, न्यायालयालाच रासायनिक तपासणी हवी आहे, मग मूत्रपरीक्षेला विरोध कशासाठी? विरोध तपासणीला नाही. प्रश्न एवढाच आहे की, कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या तपासणीकडे मागावयाचे. मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क, ही कसोटी आहे. २०१९च्या दुरुस्तीने श्वासयंत्राच्या जोडीला प्रयोगशाळेतील तपासणीसह अन्य कोणत्याही तपासणीचाही उल्लेख त्यात आला. या शब्दांच्या आडून उद्या ईटीजीचा अहवाल पुढे आला तर? त्या अहवालातील नॅनोग्रॅमचे रूपांतर रक्तातील मिलिग्रॅममध्ये करण्याचे कोणतेही विश्वसनीय गणित नाही. शनिवारी रात्री घेतलेले मद्य सोमवारी सकाळी चालकाच्या रक्तात शून्य असेल आणि मूत्रातील ईटीजी मात्र त्याच्याविरुद्ध बोलत राहील. कायदा ज्याला अपराध म्हणत नाही, त्यासाठी चाचणीने शिक्षा द्यावी, असा हा प्रकार होईल.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

मद्यपानाचे दुष्परिणाम आणि त्यांची सामाजिक किंमत यांकडे डोळेझाक करून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एस. टी.च्या गाडीत बसणारे पन्नास प्रवासी, शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्ण, रासायनिक कारखान्याच्या शेजारची वस्ती यांचे जीवित दुसऱ्या कोणाच्या तरी सावधपणावर अवलंबून असते. त्यांच्या हक्कापुढे कर्मचाऱ्याच्या सोयीला दुय्यम स्थान द्यावे लागेल. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपघातानंतर रेल्वे कर्मचाऱ्यांचे रक्त व मूत्र तपासण्याचे नियम वैध ठरविले, ते याच विचाराने. आपल्या राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीचा आदर्श शासनापुढे ठेवला आहे. आणि दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांची संख्या पाहिली म्हणजे तो आदर्श पोकळ आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

परंतु सुरक्षिततेच्या या युक्तिवादाचे उत्तर श्वासाची परीक्षा अधिक चांगल्या रीतीने देते. गाडी आगारातून निघण्यापूर्वी, वैमानिक विमानात चढण्यापूर्वी ती काही क्षणांत घेता येते, शरीराची विटंबना करीत नाही आणि प्रश्नाचे नेमके उत्तर देते. तिच्यातही बाह्य मद्यार्काचा घोटाळा होऊ शकतो. म्हणूनच नागरी विमान वाहतुकीच्या नियामकांनी २०२३ मध्ये वैमानिकांना मद्यार्कयुक्त गुळण्यांचे द्रावण वापरण्यास मनाई केली. तेथे निदान नियम आधी सांगितला गेला, ही त्यातील चांगली बाजू. मूत्रपरीक्षेच्या बाबतीत मात्र नमुना देणाऱ्याने शौचालयात कोणाच्या तरी नजरेखाली उभे राहावयाचे; कारण तसे न केल्यास पाणी मिसळण्याचा किंवा दुसऱ्याचे मूत्र देण्याचा मार्ग मोकळा राहतो. स्त्री कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. शिवाय त्याच बाटलीतून मधुमेह, गर्भावस्था आणि घेत असलेली औषधे यांचीही माहिती मिळू शकते, जिच्याशी मालकाला काही कर्तव्य नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तो हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध असला तरी कारखान्याच्या दारात कपड्यांबरोबर प्रतिष्ठाही उतरवून ठेवावी, असे सुसंस्कृत समाजाला म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात याला एक निराळीच किनारही आहे. कागदोपत्री येथे आजही मद्यसेवनासाठी परवाना लागतो. तो किती जण काढतात हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा नोकरीच्या निमित्ताने घेतलेला मूत्राचा अहवाल हा कर्मचाऱ्याविरुद्ध केव्हाही वापरता येणारा कागद बनू शकतो. संघटना बांधणाऱ्या कामगाराच्या किंवा साहेबाच्या मर्जीतून उतरलेल्या कारकुनाच्या बाबतीत असा कागद कपाटात असणे किती सोयीचे असते, हे कचेरीत दिवस काढलेल्या कोणालाही समजेल.

परीक्षेची योग्य जागा

मग या परीक्षेला स्थानच नाही काय? आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. यकृतारोपणाची प्रतीक्षा करणाऱ्या रुग्णाने मद्य खरोखरच सोडले आहे किंवा नाही, हे डॉक्टरांना कळलेच पाहिजे. कारण दात्याचे यकृत दुर्मीळ असते. व्यसनमुक्तीच्या मार्गावर चालणाऱ्या माणसाचा पाय घसरला तर ते लवकर समजणे त्याच्याच हिताचे असते. पुण्यातील ‘मुक्तांगण’सारख्या, १९८६पासून चालत आलेल्या संस्थांनी मद्यासक्ती हा गुन्हा नसून आजार आहे, ही दृष्टी महाराष्ट्रात रुजविली. त्या दृष्टीने पाहिले तर होकारार्थी निष्कर्ष हा आरोपपत्राचा मजकूर नसून संवादाचा आरंभ असतो. डॉक्टर विचारतात, “काय झाले?” आणि रुग्ण उत्तर देतो. तेथे चूक झाली तर ती बोलण्यातून सुधारते. निलंबनाच्या आदेशात असा संवाद नसतो.

हा फरक ध्यानी घेऊन काही गोष्टी आताच ठरविल्या जाणे अगत्याचे आहे. नोकरीच्या ठिकाणी कर्मचारी कामास योग्य आहे की नाही, हे पाहण्यासाठी श्वासाची किंवा विहित पद्धतीने रक्ताचीच परीक्षा असावी; ईटीजीसारख्या मूत्रपरीक्षेवरून कोणाचेही निलंबन किंवा बडतर्फी होऊ नये. अपघातानंतर किंवा उपचाराच्या लेखी करारान्वये ती घ्यावयाची असेल, तर मर्यादा किती नॅनोग्रॅमची, हे आधी जाहीर झालेले असावे आणि ती १०० इतकी खाली नसावी. पट्टीवरील निष्कर्षाची खातरजमा अचूक यंत्रावर, इथाइल सल्फेटसह, मालकाच्या खर्चाने व्हावी. नमुन्याचा अर्धा भाग मोहोरबंद करून शीतकपाटात ठेवावा आणि तो आपल्या पसंतीच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला असावा. नमुना घेण्यापूर्वी चालू औषधांची, त्यांत आसव-अरिष्टे आणि हात धुण्याची द्रावणेही आली, नोंद डॉक्टरांनी करावी आणि ती गोपनीय राहावी. कामगार संघटनांनी वेतनकरारात आणि शासनाने नमुना स्थायी आदेशांत या अटींचा समावेश करून घेतला तर पुढील पुष्कळ कोर्टकचेऱ्या वाचतील.

खातरजमेचा खर्च मालकावर टाकण्याची सूचना काहींना जाचक वाटेल. तीत सूडबुद्धी नाही, निव्वळ अर्थशास्त्र आहे. चुकीचा निष्कर्ष काढण्याची किंमत ज्याला मोजावी लागते तोच निष्कर्ष काढताना जपून वागतो. मुंबईच्या दारूबंदी कायद्याने नागरिकाला ‘सिद्ध कर’ असे म्हणण्यापूर्वी स्वतःच्या पुराव्याला एक पातळी घालून घेतली होती. शासनाने जे बंधन आपल्या पोलिसांवर घातले, तेच मालकांवर घातले जावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. मद्यपानाविरुद्धची मोहीम जितकी आवश्यक आहे, तितकेच तिच्यात एकाही निर्दोष माणसाची भाकरी हिरावली जाऊ नये, हेही आवश्यक आहे. त्या मोहिमेवरचा लोकांचा विश्वास टिकावयाचा असेल, तर ही दुसरी अट पाळण्यावाचून गत्यंतर नाही.